साडेचार व्होल्ट

आमची इंडिका दोन हजार तीनची.
मागच्या काचेवरचा वायपर
अर्ध्या वाटेपर्यंत जायचा आणि बसायचा,
निकालाच्या दिवशी
शाळेच्या फाटकात थबकलेल्या पोरासारखा.

पाऊस नुसतं निमित्त.
गारगोटीच्या रस्त्याला काच भरते
ती आपल्याच चाकांनी उडवलेल्या चिखलानं.
समोरचं सगळं दिसत राहतं,
आपण उडवलेलं तेवढं पाठीला चिकटून येतं.

शाहूपुरीत एकजण म्हणाला, नवी मोटर. चार हजार दोनशे.
चार हजार दोनशे म्हणजे
एकवीस गणवेशांची शिलाई, काजं-बटणांसकट.
मी किल्ली परत मागून घेतली.

उद्यमनगरात, लेथच्या चरचरीत,
बाबालाल शिकलगार डब्यातली भाकरी संपवत होते.
हात पुसले, काचेला कान लावला,
म्हणाले, "वैनी, मोटर मेलेली न्हाई.
उपाशी हाय."

मीटरच्या दोन सुया.
बॅटरीपाशी बारा पॉइंट सहा.
मोटरपाशी आठ पॉइंट एक.
"मग वाटेत साडेचार कोण खातंय?"
असं त्यांनी मलाच विचारलं,
जणू घरातली उचलाउचल मला माहीत असणार.

आणि होतीच माहीत.
डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी
रबराच्या नळीतून जाते ती वायर.
नळी सोलली तर आत हिरवट बुरशी,
सात तारांतल्या दोनच तगलेल्या.
दार उघड, गठ्ठे काढ, दार आपट.
कागल, मुरगूड, बिद्री, परत कागल.
खाकी चड्ड्या, निळे पिनाफोर.
सतरा जून महिने त्या वाकणात वाकले होते.
मी काही बोलले नाही.
तेही बोलले नाहीत, वायर कापली.

नवी वायर जरा जाडच घातली,
अर्थिंग वेगळं घेतलं, पत्रा खरवडून, चकचकीत.
मग दांड्याचं नट सोडवलं:
ग्रीस नव्हतंच ते, चिक्की झाली होती.
रॉकेल, पॉलिश पेपर, तीन थेंब तेल.
"थांबताय का संध्याकाळी येताय?"
"थांबतो की," म्हटलं.

पाती काचेवरून उचलायला
त्यांनी स्प्रिंगकाटा अडकवला, माशे तोलायचा.
"बगा. टेकतोय, पण धरत न्हाई."
स्प्रिंगचे दोन वेढे छाटले, नवा आकडा वळवला.
पुढच्या वायपरचं रबर कात्रीनं मापात.
कात्री मीच चालवली. एवढं येतं मला.

मला वाटलं होतं
मागं वळून बघण्याबद्दल ते एखादं वाक्य टाकतील,
वयानं शोभलं असतं.
ते म्हणाले, "तीनशे ऐंशी.
आणि कोरड्या काचेवर फिरवू नका."

कळंब्याच्या पुढं पाऊस लागला.
खटका दाबला.
गेला, आला. गेला, आला.
मागं केएमटीची बस होती, केवढी जवळ!
तिचा ड्रायव्हर जांभई देत होता,
त्याचा सोन्याचा दात सुद्धा दिसला.
इतकी वर्षं ही माणसं
माझ्या इतक्या जवळून येत होती
आणि मी निवांत गाणी ऐकत होते.

डावा कोपरा मात्र अजून मळकाच राहतो,
बशीत उरलेल्या चहाएवढा.
पात्याचा हात तिथवर पोचतच नाही,
कंपनीनंच दिलेला नाही तेवढा लांब.
त्यासाठी डॅशबोर्डात खाकीची चिंधी ठेवलीय,
मापात न बसलेली.
बिद्रीत गाडी थांबली की
गठ्ठे काढायच्या आधी
तेवढं मी हातानं पुसते,
आणि दार
हळू लावते.